एच अँड एन फिनाले मॅच हेवी : दहा मीटर रायफलच्या छर्ऱ्यांचे परीक्षण

लांब पल्ल्याची नेमबाजी करणारे परदेशी नेमबाज आपल्या रायफलची काडतुसे अनेकदा स्वतः भरतात. दारूचे वजन किंचित कमीजास्त करून पाहायचे, गोळी पितळी केसमध्ये, म्हणजे काडतुसाच्या कवचात, किती खोल बसवायची ते ठरवायचे आणि आपली नळी ज्या जुळणीला सर्वांत लहान ग्रुप (टार्गेटवरच्या शॉटांचा पुंजका) देते ती वहीत टिपून ठेवायची, असा हा व्याप असतो. आपल्याकडे तो मार्ग सामान्य नेमबाजाला जवळजवळ बंदच आहे. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ५ नुसार दारूगोळा तयार करण्यासाठी वेगळा परवाना लागतो आणि शस्त्र बाळगण्याचा परवाना म्हणजे तो परवाना नव्हे. पॉइंट टू-टू रिमफायर काडतुसाचे तर पेटवणारे रसायनच केसच्या काठात भरलेले असल्यामुळे ते घरी पुन्हा भरण्याची सोय नसते. एअर रायफलच्या छर्ऱ्यात दारूचाच संबंध नाही. त्यामुळे गोव्यात दहा मीटरवर सराव करणाऱ्या आम्हा मंडळींच्या हातात एकच गोष्ट उरते, ती म्हणजे कारखान्यात तयार झालेल्या मालातून आपल्या नळीला मानवणारा माल निवडणे. फिनाले मॅच हेवी हा छर्रा मी त्याच दृष्टीने पारखला आहे. माझे मत आधीच सांगतो: छर्रा उत्तम आहे, परंतु केवळ डब्यावरचे नाव पाहून तो घेणाऱ्याला दिलेल्या पैशांचा निम्मा मोबदलाही मिळण्याची खात्री नाही.

हा छर्रा बनवणारी हेंडलर उंड नाटरमान ही जर्मनीतील हान म्युंडेन या गावची कंपनी असून तिची स्थापना १८२५ सालची आहे. ‘हेवी’ या प्रकाराचे वजन ०.५३ ग्रॅम, तर ‘लाइट’चे ०.५१ ग्रॅम आहे. डब्यात ५०० छर्रे असतात. डोके सपाट, कंबर बारीक आणि मागे पोकळ झालर, असा त्याचा नेहमीचा घाट आहे. सपाट डोक्यामुळे कागदी टार्गेटला स्वच्छ गोल भोक पडते व गुण मोजताना वाद राहत नाही; मागची झालर हवेच्या दाबाने फुलून नळीच्या खाचांना घट्ट बसते. डोक्याचा व्यास ४.४९, ४.५०, ४.५१ मिमी अशा वेगवेगळ्या मापांत मिळतो आणि डब्यावरच्या चिकटपट्टीवर त्या मापासोबत उत्पादनाचा, म्हणजे बॅचचा, क्रमांकही छापलेला असतो. बहुतेक ग्राहक माप विचारतात आणि क्रमांकाकडे दुर्लक्ष करतात. माझ्या अनुभवाने महत्त्वाचा तो क्रमांकच आहे.

मिलिमीटरच्या शंभराव्या भागाची एवढी चर्चा कशासाठी, असे नव्या पालकांना वाटते, म्हणून थोडा हिशेब मांडतो. दहा मीटर रायफलच्या टार्गेटवर दहाचा ठिपका अवघ्या ०.५ मिमी व्यासाचा असतो. दशांश गुणांत १०.९ मिळवायचे तर छर्ऱ्याचे केंद्र टार्गेटच्या केंद्रापासून ०.२५ मिमीच्या आत पडावे लागते आणि पुढे प्रत्येक ०.२५ मिमीला एक दशांश गुण कमी होत जातो. आता समजा, नळी आणि छर्रा यांची जोडी मुळातच केंद्रापासून १ मिमीपर्यंत इकडेतिकडे शॉट टाकते. तर मुलाने श्वास, ट्रिगर आणि नेम यांत काहीही उणे ठेवले नाही, तरी त्याला १०.९ ऐवजी १०.६ मिळू शकतो, आणि चूक कुठे झाली हे शोधण्यात त्याची सगळी संध्याकाळ जाते. साठ शॉटांच्या पात्रता फेरीत हे तीन-तीन दशांश कुठे जाऊन पोहोचतात ते सांगायला नको. २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये अभिनव बिंद्रा यांचा चौथा क्रमांक आणि पदक यांच्यामध्ये एका शूट-ऑफचेच, म्हणजे बरोबरी सोडवणाऱ्या जादा शॉटचेच, अंतर होते. मुलांच्या बाबतीत मला गुणांपेक्षाही दुसरी काळजी वाटते. वाईट छर्रा मुलाला खोटे शिकवतो. शॉट चांगला सुटला असे त्याचे शरीर सांगते आणि स्क्रीन ९.८ दाखवते, काही महिन्यांत त्याचा आपल्या शरीरावरचा विश्वास उडतो.

पारख करायची तर माणूस बाजूला काढावा लागतो. त्यासाठी रायफलची ॲक्शन (नळीसह शॉट सोडणारी यंत्रणा) स्टॉकमधून, म्हणजे खांद्याला लावायच्या दस्त्यातून, सोडवून ती पकडणारा क्लॅम्प मी कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत लेथवर करून घेतला. काम घेण्यापूर्वी मेस्त्रींनी नळीचा आराखडा बराच वेळ पाहिला आणि विचारले, “बाब, हे बंदुकीचं काम नाही ना?” “खेळाची एअर रायफल आहे, मेस्त्री. घरी येऊन बघा,” असे म्हणून मी त्यांना खरेच घरी नेले. २० ज्यूलच्या आतील ऊर्जेच्या ४.५ मिमी एअर रायफलला शस्त्रपरवाना लागत नाही आणि दहा मीटरची स्पर्धेची रायफल तर त्याच्या निम्म्याच्याही खाली असते. ०.५३ ग्रॅमचा छर्रा सेकंदाला १७२ मीटर वेगाने निघाला, तर त्याची ऊर्जा ७.८ ज्यूलच्या आसपास भरते. हे समजल्यावर त्यांनी क्लॅम्पला आतून नायलॉनचे अस्तर बसवण्याची सूचना स्वतःहून केली. ती फार मोलाची ठरली, कारण धातूवर धातू आवळला तर नळीवर ताण येतो आणि शॉट सरकतात. क्लॅम्प आमच्या ओसरीच्या टोकाला सिमेंटच्या कट्ट्यात बोल्टने बसवला असून समोर छर्रे अडवणारी लोखंडी पेटी आणि तिच्यामागे चिऱ्याची जाड भिंत आहे.

चाचणीत जी शिस्त पाळावी लागते ती कंटाळवाणी आहे, पण तिच्यावाचून निघणारा निष्कर्ष बिनकामाचा असतो. रायफलच्या हवेच्या सिलिंडरचा दाब ठरावीक पट्ट्यातच ठेवावा. छर्रा बदलला की नळीत आधीच्या छर्ऱ्याचे वंगण व शिसे असते. म्हणून नव्या बॅचचे सुरुवातीचे दहा-पंधरा शॉट मोजायचेच नाहीत. एक बॅच संपवून दुसरी घेण्यापेक्षा बॅचा आलटून-पालटून चालवाव्यात, म्हणजे क्लॅम्प जरा सैल झाला तर त्याचा भुर्दंड एकाच बॅचला पडत नाही. छताचा पंखा बंद ठेवावा, मे महिन्यात हे कितीही जिवावर आले तरी! आणि पाच शॉटांच्या एका सुंदर ग्रुपवर भाळू नये. पाचांचा ग्रुप नशिबानेही लहान येतो. शिवाय ग्रुपचा आकार मोजताना फक्त टोकाचे दोन शॉट हिशेबात धरले जातात आणि मधल्या शॉटांची माहिती वाया जाते. म्हणून मी प्रत्येक शॉटचे सरासरी केंद्रापासूनचे अंतर काढून त्याची सरासरी घेतो. कागदावरचे भोक छर्ऱ्यापेक्षा किंचित लहान दिसते, कारण कागदाचे तंतू मागे सरतात. हे ध्यानात न घेता पट्टीने मोजणारे लोक स्वतःच्या ग्रुपचे जरा जास्तच कौतुक करून घेतात.

माझ्या रायफलने काय निवडले? ४.५० मापाच्या एका बॅचने पाच शॉटांचे ग्रुप सातत्याने बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत साडेपाच मिमीच्या आत ठेवले. त्यातून छर्ऱ्याचा ४.५ मिमी व्यास वजा केला तर टोकाच्या दोन शॉटांच्या केंद्रांतील अंतर १ मिमीच्या आत राहते. स्पर्धेसाठी याहून अधिक काही मागण्यात अर्थ नाही. त्याच ४.५० मापाची दुसरी बॅच मात्र सहा मिमीच्या खाली क्वचितच आली. उलट ४.४९ ची एक बॅच पहिल्या बॅचच्या अगदी जवळ पोहोचली. ४.५१ ने विशेष काही दाखवले नाही. यावरून कोणती बॅच चांगली आणि कोणती वाईट असे ठरवू नये. माझ्या नळीने नाकारलेली दुसरी बॅच माझ्या सरावातील जोडीदाराच्या रायफलने विनातक्रार स्वीकारली आणि आज तिचे सगळे डबे त्याच्याकडे आहेत. साचा झिजतो, बदलला जातो, शिशाच्या मिश्रधातूत बारीक फरक पडतो, वंगणाचा थर कमीजास्त होतो. डोक्याचा छापील व्यास तोच राहिला तरी झालरीचा घेर आणि तिची जाडी बदलू शकते. दुसरीकडे नळीचेही स्वतःचे माप असते आणि दोन नळ्या तंतोतंत सारख्या निघत नाहीत. म्हणून “चार पन्नासच घ्या, सगळे तेच घेतात” हा मैदानावरचा सल्ला मी आता ऐकून सोडून देतो.

वजन करून छर्रे वेगळे करण्याचा छंद अनेकांना असतो. म्हापशातील एका ओळखीच्या सराफांनी त्यांचा मिलिग्रॅमचा काटा मला वापरू दिला. शुक्रवारच्या बाजाराची गर्दी ओसरल्यावर त्यांच्या गादीवर बसून डब्यातले छर्रे एकेक करून तोलताना आजूबाजूच्या गिऱ्हाइकांना शिशाला सोन्याचा भाव आला की काय असे वाटले असावे. फिनाले मॅचच्या छर्ऱ्यांच्या वजनात फरक फारच थोडा आढळला, पण तो जास्त असता तरी दहा मीटरवर फारसे बिघडले नसते, हे गणितानेच दिसते. छर्रा दहा मीटर जायला साधारण ०.०६ सेकंद घेतो आणि तेवढ्या वेळात गुरुत्वाकर्षणाने सुमारे १७-१८ मिमी खाली येतो. वजन एक टक्क्याने, म्हणजे पाच मिलिग्रॅमने वाढले तर वेग साधारण अर्ध्या टक्क्याने घटतो आणि खाली येण्याचे अंतर एक टक्क्याने वाढते. हा फरक जेमतेम ०.१८ मिमी होतो, म्हणजे एका दशांश गुणाहूनही कमी. एवढ्यासाठी रात्री जागवू नयेत. तो वेळ झालर तपासण्यात घालवावा.

झालर ही या छर्ऱ्याची, किंबहुना कोणत्याही मॅच छर्ऱ्याची खरी दुखरी जागा आहे. शिसे मऊ, झालर पातळ आणि ५०० छर्रे डब्यात मोकळे. जर्मनीहून मुंबई वा दिल्ली आणि तेथून कुरिअरने गोव्यापर्यंत येताना ते एकमेकांवर आपटतात. मी डबा उघडल्यावर छर्रे मऊ कापडावर ओततो आणि किंचित तिरक्या ठेवलेल्या काचेवरून थोडेथोडे घरंगळू देतो. डोक्यापेक्षा झालरीचा घेर मोठा असल्यामुळे धड छर्रा एका बाजूला संथ वळण घेत जातो. ज्याची झालर दबली आहे तो मध्येच अडखळतो, डुलतो आणि भलत्याच ठिकाणी थांबतो. असा छर्रा सराफी भिंगाखाली धरला की काठावर नखाएवढीही नसलेली एक चपटी जागा दिसते. तेथून हवा आधी निसटते आणि छर्रा नळीतून बाहेर पडतानाच तिरका होतो. फिनाले मॅचच्या डब्यात असे छर्रे मला थोडेच सापडले. ते मी फेकत नाही, नळी गरम करण्याच्या आणि साइट जुळवण्याच्या शॉटांसाठी वेगळे ठेवतो. याच कारणासाठी काही कंपन्या आपला वरच्या दर्जाचा छर्रा खाचांच्या ट्रेमध्ये एकेक बसवून विकतात. अंतिम फेरीपर्यंत जाणाऱ्या नेमबाजाला ती चैन परवडावी. रोजच्या सरावासाठी मोकळा डबा पुरेसा आहे, फक्त काचेची पायरी वगळू नये. छर्रे धुऊन पुन्हा तेल लावण्याचा उद्योग काहीजण करतात. कारखान्याने दिलेले वंगण काढून त्याच्याइतके सारखे वंगण घरी लावता येते, यावर माझा विश्वास नाही.

तुलनेसाठी आरडब्ल्यूएस या दुसऱ्या कंपनीचा आर टेन मॅच हा रायफलचा छर्राही चालवून पाहिला. त्याचेही वजन ०.५३ ग्रॅम आहे. माझ्या नळीत दोघांत निवड करण्याजोगा फरक दिसला नाही. आर टेनची योग्य बॅच मिळाली असती तर हे परीक्षण कदाचित त्याचे झाले असते. स्वस्त सरावी छर्ऱ्यांबद्दल सरसकट नाक मुरडणेही बरोबर नाही. नवख्या मुलाचे शॉट सात आणि नऊच्या मध्ये विखुरत असतात, तेव्हा त्याला आयात छर्रा देणे म्हणजे पालकांचे पैसे पेटीत ओतणे आहे. त्याचे शॉट सातत्याने दहाच्या आसपास पडू लागले की मात्र छर्रा बदलावा.

गोव्यातल्या हवेविषयी स्वतंत्र लिहिणे भाग आहे, कारण परदेशी परीक्षणांत हा भाग येतच नाही. जून उजाडला की शिशाची निळसर चकाकी मंदावते आणि उघड्या राहिलेल्या डब्यातल्या छर्ऱ्यांवर पांढुरकी भुकटी धरू लागते. ओलावा आणि हवेतील कार्बन डायऑक्साइड यांच्यामुळे शिशावर कार्बोनेटचा थर बसतो, आणि लाकडातून, विशेषतः नव्या प्लायवूडमधून, सुटणाऱ्या आम्लाच्या वाफांनी ही क्रिया झपाट्याने होते. म्हणजे छर्रे नव्या कपाटात नीट कुलपात ठेवणारा माणूसच त्यांचे सर्वाधिक नुकसान करतो. फिनाले मॅचचे झाकण फिरवून बंद होते. पण आमच्या श्रावणाला ते पुरे पडत नाही. मी डबे घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवतो, निळे खडे गुलाबी झाले की ते तापवून पुन्हा वापरतो. ही काळजी घेतलेली गेल्या वर्षीची बॅच यंदाही तसाच ग्रुप देते. एकदा भुकटी धरलेला छर्रा मात्र पुसून, तेल लावून पूर्ववत होत नाही.

शिशाचा उल्लेख आलाच आहे तर पालकांसाठी आणखी थोडे लिहितो. छर्रे हाताळल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय मुलाने काही खाऊ नये, छर्रा ओठांत धरण्याची सवय दिसली तर ती त्याच दिवशी मोडावी आणि छर्ऱ्यांच्या पेटीतली धूळ झाडूने उडवू नये, ओल्या फडक्याने टिपावी. काचेवर घरंगळवण्याचे काम जेवणाच्या टेबलावर करू नये.

पुढे पॉइंट टू-टूकडे वळणाऱ्यांना हाच हिशेब अधिक कठोर भासेल. स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ साली पॅरिसमध्ये ज्या प्रकारात कांस्यपदक मिळवले, त्या ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये गोळी सुमारे ०.१६ सेकंद हवेत असते आणि तेवढ्यात साडेबारा सेंटिमीटरच्या आसपास खाली येते. वेगात एक टक्क्याचा फरक पडला तर टार्गेटवर अडीच मिमीचा फरक पडतो, आणि तेथे एक दशांश गुण ०.८ मिमीचा असल्यामुळे सुमारे तीन दशांश गुण केवळ काडतुसामुळे जातात. म्हणूनच इले आणि लापुआ या काडतुसे बनवणाऱ्या कंपन्यांच्या अनुक्रमे बर्मिंगहॅममधील आणि जर्मनीतील शोनेबेकच्या चाचणी केंद्रांत नेमबाज आपली रायफल घेऊन जातात, काडतुसांच्या लॉटमागून लॉट (बॅच) चालवून पाहतात आणि आपला लॉट सापडला की तोच भरपूर उचलतात. दहा मीटरवरच्या मुलाने छर्ऱ्याच्या बॅचची वही ठेवायची सवय आताच लावून घेतली, तर पुढे तो खर्च डोळसपणे करता येतो.

खरेदीचे म्हणाल तर गोव्यात हा माल सहसा मागवूनच घ्यावा लागतो आणि आयात असल्यामुळे हवे ते माप हवे तेव्हा मिळेलच असे नाही. माझी पद्धत अशी की आधी दुकानदाराकडे असलेल्या प्रत्येक मापाचा एकेक डबा, शक्य तर दोन-तीन जणांत मिळून, घ्यायचा, क्लॅम्पवर चालवायचा, आणि पसंत पडलेल्या क्रमांकाचे वर्षभर पुरतील एवढे डबे लगेच मागवायचे, कारण महिन्याभराने त्याच मापाचा दुसऱ्याच बॅचचा माल आलेला असतो. क्लॅम्प नसेल तर रायफल वाळूच्या पिशव्यांवर टेकवून पालथे पडून मारावे. निकाल थोडा ढोबळ येतो, पण वाईट बॅच तेवढ्यानेही ओळखू येते. पैसे भरण्यापूर्वी प्रत्येक डब्याच्या चिकटपट्टीचा फोटो मागावा. एका दुकानाने मला क्रमांक फोनवर कळवले एक आणि पार्सलमध्ये डबे पाठवले मिसळीचे. परत घेताना “छर्रा तोच आहे हो, नंबरात काय आहे” असे वर ऐकवले. तेव्हापासून मी फोटोशिवाय व्यवहार करत नाही, आणि ज्या दुकानदाराला फोटो काढण्याचा कंटाळा येतो त्याच्याकडून फक्त सरावाचे छर्रे घेतो.